घासलेली पेनी

बिस्मार्क, १० फेब्रुवारी १९८६

प्रिय एडना,

मी ठणठणीत आहे. पुलाचं काम थंडीने रखडलंय, एवढंच. तुझा गुडघा कसा आहे? हल्ली तुझ्या पत्रांत फक्त हवामान असतं.

इथल्या बँकेतली डोरीन मला पाहताच म्हणते, "आले पेनीवाले! घ्या, म्हाताऱ्यांनी घरी बांधून आणलेल्या पेन्यांच्या गुंडाळ्या तुमच्यासाठी ठेवल्यात." काल पन्नास-पन्नासच्या दहा गुंडाळ्या उघडल्या आणि पाचशेच्या पाचशे पेन्या, म्हणजे पाच डॉलरची चिल्लर, भिंगाखाली पाहिली. मागे गव्हाच्या लोंब्या असलेल्या जुन्या तीनच निघाल्या. त्यांतली १९१९ची लखलखत होती. मीठ-व्हिनेगरने घासलेली! घासलं की जुन्या नाण्याची किंमत जाते; अशी पेनी जाणकार संग्रहात ठेवत नाही. माझी नजर चुकत नाही, तुला ठाऊकच आहे.

मग वाटलं, हीसुद्धा कुणाच्या तरी बायकोने नवऱ्याच्या वाढदिवसाला हौसेने घासली असेल, आणि त्यानेही माझ्यासारखंच "सत्यानाश केलास" म्हणून घर डोक्यावर घेतलं असेल.

वीस वर्षं जेवणाच्या टेबलावर माझ्या नाण्यांचा पसारा तू सोसलास. मी कधी आभार मानले नाहीत. आज मानतो.

तू घासलेली १९१४ची मी अल्बममधून काढून ड्रॉवरमध्ये फेकली होती. ती तिच्या खाचेत परत बसव. ही १९१९ची माझ्या शर्टाच्या खिशात आहे.

तुझाच हट्टी,
ऑर्विल