तिसगावचं दुकान, पहिल्या नंबरावर

दादा, तुमचं दुकान रोज सकाळी नऊला उघडतं, असं इंटरनेट कालपर्यंत सांगत होतं. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, दुकानाच्या जागेत आता मोबाईलची कव्हरं मिळतात, तरी विहिरीवरची जळलेली मोटार नव्या तारेने भरून देणारा मिस्तरी कुणी शोधला की एका ठिकाणी पहिलं नाव तुमचंच यायचं. ते मीच वर चढवलं होतं. पुण्यात नवी नोकरी लागली होती, लोकांच्या वेबसाइट सर्च इंजिनमध्ये वर आणायची, आणि हात बसवायला मला आपल्या बापाचंच दुकान सापडलं.

आधी मी मोठ्या झोकात लिहिलं होतं, ‘विद्युत पंप दुरुस्ती व देखभाल केंद्र’. महिनाभर कुणी फिरकलं नाही. दिवाळीला तिसगावला आले तेव्हा तुम्हाला ते पान दाखवलं. तुम्ही स्टुलावर बसला आहात, मांडीवर तांब्याच्या तारेचं वेटोळं, बोटांना वॉर्निशचा वास. मोबाईल लांब धरून वाचता आणि हसता. “आगं, मोटार जळल्यावर मानूस येवढं बोलंल व्हय? त्यो म्हनतो, मोटार जळली, भरून पायजे.” मी तिथंच बसून तेवढंच लिहिलं. दोन आठवड्यांत तुम्ही पहिल्या नंबरावर. पुढे याच युक्तीसाठी कंपनीत माझं फार कौतुक झालं. ती तुमची होती, हे मी तिथे कधी सांगितलं नाही.

मग मला हाव सुटली. शेवगावची वेगळी पानं केली, नेवाशाची केली, ‘नेवासा येथील आमचे दुकान’ असं बिनदिक्कत ठोकून दिलं. आमच्या धंद्यात सर्रास करतात. नेवाशाचा एक शेतकरी जळलेली मोटार टेम्पोत घालून ते दुकान शोधत तासभर फिरला आणि शेवटी त्याने तुम्हाला फोन लावला. तुम्ही स्वतः जाऊन मोटार आणलीत, भरलीत, परत नेऊन त्याच्या विहिरीत सोडलीत, आणि मग मला फोन केलात. “त्या मानसाचं कांद्याचं रोप वाळाया लागलं हुतं, आन् तू त्याला नसलेल्या दुकानाला धाडतीस? आपन जिथं न्हाई, तिथं न्हाई म्हनायचं.” नंतर आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी पानं पुसली, पण फुगूनच पुसली. तुम्हाला या कामातलं काय कळतं, असंही मनात आलं होतं.

तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, “ते पान काढ. लोकं उगं हेलपाटा घालत्यात.” मोठ्या सर्च इंजिनवर मी ‘कायमचे बंद’ असं लिहिलं आणि चार दिवसांत तुम्ही तिथून दिसेनासे झालात. दुसरं एक आहे, नव्या कॉम्प्युटरबरोबर आपोआप येतं ते. त्याने मात्र तुम्हाला सोडलं नाही. मूळ पान पुसलं की तिथूनही जाईल, चहा निवायच्या आत होणारं काम. लोकांची मी रोज करते. तुमच्या पानाची मात्र दरवर्षी गुपचूप पैसे भरून मुदत वाढवत आले, आणि तुमचा नंबरही माझ्याकडेच चालू ठेवला. तुम्हाला हे आवडलं नसतं, मला माहीत आहे. पण ते पान गेलं की तुम्ही जगात कुठेच सापडणार नाही, दादा, आणि तेवढं मला सोसत नव्हतं.

काल दुपारी ऑफिसात तुमचा नंबर वाजला. शेवगावकडचा कुणीतरी. “मोटार जळलीय. मिस्तरी हायेत का दुकानात?” किती वर्षांनी तुमच्याबद्दल कुणी असं विचारलं! माझ्या तोंडून निघून गेलं, “हायेत. जेवायला गेलेत.” तो म्हणाला, “मंग निघतोच मी.” मी फोन ठेवला आणि जिन्यात बसून खूप रडले.

नंतर त्याला उलट फोन केला, खरं सांगितलं, माफी मागितली, शेवगावातल्याच एका मिस्तरीचा नंबर दिला. तो बिचारा निम्म्या रस्त्यात आला होता. मग जागेवर येऊन पान पुसलं. आता तुम्ही कुठेच येत नाही, दोन्हीकडे शोधून पाहिलं. हे पत्रही कुठे धाडणार, वहीतच राहील. एवढंच कबूल करायचं होतं की त्याला उलट फोन करायला मी अर्धा तास लावला. तेवढा अर्धा तास तुम्ही जेवायला गेला होतात.