चार नंबरांची नोटीस

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. वाटाघाटीची नोंद ठेवावी लागते. खरेदी विभागात एकतीस वर्षं काढली. जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही, हे माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो.

विषय: मोबाइलचा फॅमिली प्लॅन. करार ३१ मार्चला संपतो. चार नंबर, चारही माझ्या नावावर. मी, ही, थोरला आणि धाकटी. थोरला लग्न करून दुसऱ्या शहरात गेला, तरी त्याचा नंबर माझ्याच नावावर आहे. तेवढं तरी राहिलं.

काल जिन्यात खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य भेटला. त्याला म्हणे याच कंपनीने वीस टक्के सूट दिली. एक फोन केला आणि दिली. लोकांचे दात उपटणाऱ्याला वीस, तर मला तीस पाहिजेत. त्याखाली एक टक्काही घेणार नाही.

संकल्प: तीस टक्के. रोज सहाला फिरायला जाणे. दंतवैद्याशी जास्त न बोलणे.

(आज फिरायला गेलो नाही. रोजनिशी सुरू करायची होती.)

६ मार्च, गुरुवार
कस्टमर केअरला फोन. बावीस मिनिटं संगीत ऐकवलं. हा दबाव टाकण्याचा जुना प्रकार आहे, मी बधलो नाही. मग एक गोड आवाजाची मुलगी आली. दहा टक्के म्हणाली. मी हसलो. पहिल्या ऑफरला हसायचं असतं.

नियम इथे लिहून ठेवतो. आपला आकडा सांगितला की गप्प बसायचं. आधी बोलतो तो हरतो. आधी फोन ठेवतो तो तर हरलाच.

मी गप्प बसलो. तीही. मग लाइन कट झाली. कोणी ठेवला ते कळलं नाही. बरोबरी धरतो.

९ मार्च, रविवार
कराराचे कागद काढले. त्रेचाळीस पानं, बारीक अक्षर. सगळं वाचून काढणार. आज सहा पानं झाली. नंतर डोळे दुखायला लागले, म्हणजे चष्म्याचा नंबर बदलला असावा.

जेवताना धाकटी खुशीत होती. ती कामाला होती ती लॅब बंद पडली त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून घरातच आहे. आता एका मोठ्या कंपनीत दोन फेऱ्या पार पडल्यात. तिसरी आणि शेवटची फोनवर, ३१ तारखेला, अकरा ते एकच्या मध्ये कधीही. तीन जणांचं पॅनल फोन करणार. मी अभिनंदन केलं आणि पगार कसा मागायचा ते सांगायला घेतलं. ती म्हणाली, आधी मिळू तर दे बाबा. अशा वृत्तीनेच माणसं कमी पगारावर राहतात.

१२ मार्च, बुधवार
कंपनीच्या शोरूममध्ये गेलो. टोकन घेऊन बसावं लागलं. एकेकाळी लोक माझ्या केबिनबाहेर बसायचे.

टाय लावलेला मॅनेजर. वय पंचवीस असेल. पंधरा टक्के आणि वर फोनचं कव्हर म्हणाला. मी कागद आवरले, उठलो आणि दाराकडे निघालो. सावकाश. समोरचा माणूस आपल्याला दारापर्यंत पोचू देत नाही, हा अनुभव आहे.

दारापर्यंत पोचलो. बाहेरही आलो. समोरच्या बसस्टॉपवर वीस मिनिटं उभा राहिलो, त्याला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. काचेतून दिसत होतं. तो डबा खात होता.

कव्हर घ्यायला हवं होतं का, असा एक विचार आला. झटकला.

१५ मार्च, शनिवार. सकाळी १०
निर्णय झाला. नोटीस द्यायची.

कारखान्यात दर मार्चला मी सगळ्या पुरवठादारांना नोटीस पाठवायचो: अमुक तारखेपासून तुमचा माल बंद. बंद कोणाला करायचं असतं? पण तिसऱ्या दिवशी माणूस धापा टाकत हजर व्हायचा आणि भाव उतरवून जायचा. बेअरिंगवाल्याचा प्रसंग सोडला तर हे कधी चुकलं नाही. तो माणूसच उर्मट. नोटीस खरी धरून बसला आणि माल खरंच थांबवला. उत्पादनाची लाइन नऊ दिवस बंद पडली. त्यानंतर मॅनेजमेंटने मला दोन वर्षं आधी निवृत्ती दिली, सन्मानाने. भिंतीवरचं घड्याळही दिलं. ते हल्ली पाच मिनिटं मागे पडतं. सेल बदलला पाहिजे.

दुपारी ३
नोटीस दिली. ‘चारही क्रमांकांची सेवा ३१ मार्च रोजी दुपारी बारापासून कायमची बंद करण्यात यावी.’ खाली सही आणि शिक्का. शिक्का जुनाच आहे, कारखान्याचं नाव ब्लेडने कापून काढलंय. ‘खरेदी अधिकारी’ एवढंच उमटतं.

टायवाल्याने दोनदा विचारलं, चारही नंबर ना? दबाव बसला. पोचपावती घेतली.

घरी सांगितलेलं नाही. आपल्या बाजूच्या माणसांनाही चाल कळू द्यायची नसते. बायकोच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

१८ मार्च, मंगळवार
तिसरा दिवस. कोणी आलं नाही. मोबाइलवाल्यांची पद्धत वेगळी असेल. त्यांच्याकडे आठवडा धरतात बहुतेक.

जिन्यात दंतवैद्याने विचारलं, काय, झालं का काम? मी म्हटलं, अंतिम टप्प्यात आहे.

२४ मार्च, सोमवार
कंपनीकडून आतापर्यंत सात मेसेज. एकही उघडला नाही. पुरवठादाराची पत्रं वाचली की मन मऊ पडतं. पाचावर धारण बसली असणार त्यांची.

हिलाही एक मेसेज आला. कसलीशी तारीख आहे म्हणाली, आपल्या फोनचं सगळं ठीक आहे ना? मी सांगितलं, जाहिरात असते, डिलीट कर. तिने केला. तिला अजूनही माझ्या शब्दावर भरवसा आहे, हे या घरात मला फार बरं वाटतं.

धाकटी आतल्या खोलीत दार लावून आरशासमोर उत्तरं पाठ करते. तेच तेच वाक्य पाच-पाच वेळा. ‘मी हे काम का करू शकते, तर...’ बाहेर ऐकू येतं. कराराचं नववं पान माझं अजून व्हायचंय, या आवाजात होत नाही.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.२०
आली. गोड आवाजाची स्वतः आली फोनवर. पंचवीस टक्के. मी शांतपणे म्हटलं, तीस. आणि गप्प बसलो.

ती म्हणाली, “सर, पंचवीसच्या पुढे मला अधिकार नाहीत. नोटीस मागे घेत असाल तर फक्त हो म्हणा. नाहीतर सोमवारी बाराला चारही नंबर बंद होतील.”

मी बोललो नाही. तिने तीनदा हॅलो केलं. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. एक मिनिट पन्नास सेकंद. मग तिनेच ठेवला.

जिंकलो. पाच टक्क्यांचा प्रश्न आहे, सोमवारी सकाळी वरिष्ठांना विचारून येतील.

सोमवार म्हटल्यावर काहीतरी आठवल्यासारखं झालं. धाकटीचा फोन. पण तो अकराला येईल. अकरा ते एक म्हणजे लोक अकरालाच करतात.

३१ मार्च, सोमवार. ११.२०
धाकटी आतल्या खोलीत. फोनवरच बोलायचंय, तरी इस्त्रीचा ड्रेस घातलाय. समोर पाण्याचा ग्लास, कागद, पेन. हिने कुकर लावला नाही, शिटी नको म्हणून. नळसुद्धा बारीक सोडलाय. घरात चिडीचूप.

फोन आला नाही. तिलाही नाही, मलाही नाही.

११.४५
दोघांनाही अजून फोन नाही. पंचवीस तसे वाईट नाहीत. दंतवैद्यापेक्षा पाच जास्तच. फोन करून हो म्हणून टाकावं का? पण शेवटच्या घटकेला पाऊल मागे घेणं हे कच्च्या माणसाचं लक्षण.

११.५६
हाताशी चार मिनिटं आहेत. फोन करतो. हो म्हणायला नाही, अंदाज घ्यायला.

११.५७
नेटवर्क नाही. बाराच्या आधीच तोडलं. हा सरळसरळ करारभंग

(नंतर) भिंतीवरच्या घड्याळात ११.५७ होते.

१ एप्रिल, मंगळवार
काल लिहिता आलं नाही. क्रमाने लिहितो.

धाकटी बाहेर आली. फोन हलवून पाहिला, आईचा पाहिला, माझा पाहिला. मी म्हटलं, नेटवर्क गेलं असेल, येईल. ती चपला न घालता खाली दंतवैद्याकडे धावली. त्याच्या फोनवरून मुलाखतीच्या कंपनीला लावायला, लाइन मिळायला पाऊण तास गेला. पॅनलने बारा वाजून पाच मिनिटांपासून तीनदा प्रयत्न केला होता. मग यादीतल्या पुढच्या मुलीला फोन केला. ती मुलगी त्यांना आवडली. पॅनलमधल्या बाई फोनवर चांगल्या बोलल्या, असं धाकटी म्हणाली.

मग ती शोरूमला गेली. मी नको म्हणत होतो. टायवाल्याने तिला नोटीस दाखवली. झेरॉक्स आणली तिने. माझ्यासमोर टेबलावर ठेवली, शिक्का माझ्याकडे करून.

आरडाओरडा नाही. एवढंच विचारलं, “आज माझा फोन होता हे तुम्हाला माहीत होतं ना?”

आजवर ती मला अरेतुरे करायची.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. नोटिशीमागचं तंत्र, तिसरा दिवस, कंपनीने पाळायला हवा होता तो शिष्टाचार. बेअरिंगवाल्याचंही सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलली नाही. माझ्यावरच गेलीये.

५ एप्रिल, शनिवार
थोरला आला. सोबत फॉर्म. बंद नंबर परत मिळवून ज्याच्या त्याच्या नावावर करायचे, त्यासाठी माझी सही लागते. त्याचा आणि हिचा. धाकटीने जुना नंबर नकोच म्हटलं, नवा घेतला. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात तिघांचं वीस मिनिटांत झालं. पस्तीस टक्के स्वस्त. घासाघीस केली का, विचारलं. नाही म्हणाला, बोर्डावर लिहिलं होतं.

मी फॉर्म नीट वाचला. चौथ्या कलमाची भाषा सैल होती, ते दाखवलं. थोरला पेनचं टोपण काढून उभा होता. “बाबा, सही करा.” केली.

ही ओट्याशी पाठमोरी होती. तशीच म्हणाली, “एकतीस वर्षं तुम्ही दिवसभर घरात नसायचात, तेच बरं होतं.”

याला उत्तर आहे माझ्याकडे. सुचलं की लिहितो.

९ एप्रिल, बुधवार. सकाळी ८
धाकटी थोरल्याकडे गेली. तिकडे काम शोधणार. मी बॅग खाली न्यायला उठलो, तर बॅग आधीच खाली गेली होती. दंतवैद्याने नेली.

उद्यापासून सहाला फिरायला जाणार.

१४ एप्रिल, सोमवार. दुपारी १२.३०
तीस टक्के मंजूर. गोड आवाजाच्या मुलीनेच हिच्या फोनवर कळवलं, माझा अजून बंदच आहे. वरिष्ठांनी खास माझ्यासाठी मान्यता दिलीये, जुने ग्राहक म्हणून. दीड महिना झुंजलो, शेवटी त्यांनी हात टेकले.

फॅमिली प्लॅन आहे. किमान दोन नंबर लागतात. ती म्हणाली, सर, तुमच्यासोबत घरातला आणखी कोणाचा नंबर जोडू? मी म्हटलं, बघतो. ती थांबली. मी काही बोललो नाही, पण या खेपेला ते नियमामुळे नव्हतं.

आधी मी ठेवला. हा सामन्यात धरायचा नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
माझा जुना नंबर चालू करून सिंगल प्लॅन घेतला. पूर्ण दराने. सूट नाही, पण बोलणं अमर्याद आहे. कव्हर मागितलं. संपलं म्हणाले.

२० एप्रिल, रविवार. सकाळी १०.४०
घड्याळाचा सेल बदलला. घड्याळ काढलं तर मागे एक चिठ्ठी खोचलेली. हिचं अक्षर, धाकटीचा नवा नंबर. कधी ठेवली कोण जाणे. मी सेल बदलणार म्हणून कधीपासून म्हणतोय, म्हणजे बरेच दिवस झाले असतील. ही पिशवी घेऊन बाजारात निघून गेली.

आतल्या खोलीत आरशासमोर उभा राहून सराव केला. एकच शब्द आहे. ‘चुकलो.’ पाच वेळा म्हटला, पाचही वेळा नीट आला. पाण्याचा ग्लास घेऊन बसलोय. अकराला लावतो.

११.१०
पहिल्याच रिंगला उचलला. तिच्याकडे माझा नंबर अजून आहे. म्हणाली, “बोला, बाबा.”

शब्द तोंडात होता. पण तिचा आवाज ऐकला आणि वाटलं, आधी ती काहीतरी बोलेल. कशी आहे, काम मिळालं का, निदान जेवलात का एवढं तरी. मग मी म्हणेन. ती थांबली होती. मीही थांबलो. तिच्या मागे कुठेतरी दार वाजलं, तिच्या वहिनीची हाक आली, तिने उत्तर दिलं नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मी मोजत नव्हतो, पण फोनवर आकडे दिसतात. चार मिनिटं अकरा सेकंद.

मग तिने ठेवला.

नियम ६ मार्चच्या पानावर आहे. त्याप्रमाणे मी जिंकलो.