बबितानं नंबर सोडायचा नाही

मी केवळाबाई भ्र. येडबा देवकते, वय ५२, धंदा मेंढरं व शेती, रा. राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी. शाळा तिसरीपर्यंत. डोकं ठिकाणावर आहे. हे लिहायला कुणी धाक दाखवला नाही, तेवढी कुणाची हिंमत पण नाही. छातीतली गाठ काढली. सोमवारपासून लातूरला मशीनचा शेक, म्हणजे किरणं द्यायची, महिनाभर. म्हणून आधीच लिहून ठेवते.

१. माझ्या नावावरचं पत्र्याचं घर, नवऱ्यामागं आलेली ओढ्याकाठची दोन एकर आणि बँकेत असेल ते, सगळं माझी एकुलती एक मुलगी बबिता हिला.

२. माझा दीर भुजंग यास काहीही नाही. कारण लिहिते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. बबिता बेंगळुरूला उपग्रहात बसवायचं कॉम्प्युटर करते. वर किरणं लय, आपला मोबाईल तिथं टिकत नाही. त्या कॉम्प्युटरमधलं तिचं कार्ड टिकलं पाहिजे, आणि वीज खायची ती झिरोच्या बल्बाएवढी. म्हणून खालीच किरणांखाली धरून बघतात. त्या किरणांच्या मशीनवर नंबर लागायला सहा महिने. मागं तिचा नंबर लागला आणि त्याच दिवशी भुजंगानं तिला फोन केला, "तुझी आई शेवटच्या घटका मोजायलीय, ये." पोरगी टेस्ट अर्धी टाकून आली. तेव्हा गाठीचा पत्ता पण नव्हता, मी मेंढरं कातरायले होते! ओट्यावर एक साडी आणि हक्कसोडपत्र तयार. म्हणतो कसा, "वैनी, पोरीच्या जातीला जमीन कशाला? सही करू द्या, तिला साडी-चोळी करतो की." साडी मी त्याच्या तोंडावर फेकली. पण नंबर गेला तो गेलाच.

३. मेंढरं आणि लोकरीची कातर शेजारीण नर्मदाबाई हिला. शेकाला सोबत तीच येणार आहे. नर्मदे, काळी मेंढी टक्कर मारती, तिला पाठ दाखवू नको.

४. वर "काहीही नाही" लिहिलं त्यात एक दुरुस्ती. बबिताचं पहिलं, टेस्टमधी जळालेलं कार्ड देव्हाऱ्यात आहे. त्यावरचं पिवळं खरवडून भुजंग सोनाराकडं गेला होता, सोनार पोट धरून हसला. ते कार्ड भुजंगाला द्या. राहिलेलं पण खरवड म्हणावं.

५. या कागदाच्या तीन प्रती आहेत. बबिताचं कार्ड एकच गणित तीनदा करतं, एक चुकलं तर दोन जुळतात ते खरं धरतं. एक प्रत नर्मदाबाईकडं, एक वकिलाकडं, एक माझ्या पेटीत. पेटीतल्या प्रतीत खाडाखोड दिसली तर ती भुजंगाची समजावी.

६. बबिते, हे तुला. तुझा नंबर पुन्हा लागलाय, नेमका माझ्या शेकाच्या महिन्यात. परवा फोनवर म्हणालीस, "आई, मी नंबर दुसऱ्याला देते, तुझ्यापाशी राहते." नंबर सोडलास तर मला तोंड दाखवू नको. मी गेले तरी आधी टेस्ट संपव. माझी माती नर्मदाबाई करील, भुजंगानं हात लावायचा नाही. तूच सांगितलंस ना, कार्डाला किरणं देताना बंद करत नाहीत, चालू ठेवूनच बघतात? मग मला रोज संध्याकाळी फोन कर. उचलला, म्हणजे मी चालू आहे.

स्थळ: राणीसावरगाव. दि. १३ मार्च २०२६
सही: केवळाबाई येडबा देवकते

साक्षीदार (आधी पूर्ण वाचून दाखवलं, मग सही घेतली):
१. लिंबाजी मारोती शेंडगे, सही
२. गीताबाई हरी मुळे, डाव्या हाताचा अंगठा