सात पानांचं उत्तर

खापा, ता. ८ जुलै १९६९

ती. गोपाळभाऊंस शामलाचा सा. न. वि. वि.

तुमचं नवं पुस्तक शाळेत आलं. तुमचंच म्हणते, कारण मॅट्रिकला जगाचा इतिहास हवा म्हणून अभ्यास समितीत तुम्ही तीन वर्षं भांडलात. आता अर्धं पुस्तक भारत, अर्धं जग. तास मात्र पूर्वीइतकेच, आठवड्याला चार. शाळेत नकाशा एकच, भारताचा, तोही खालून फाटलेला. मी खडूनं फळ्यावर युरोप काढते. इटली काढली तर पोरी म्हणाल्या, बाई, हा तर बूट झाला. मी म्हटलं, बूटच आहे, पुढं चला.

खरं सांगते, घरी येईपर्यंत जीव थकून जातो. वर्गात एक मुलगी मात्र आहे, विणकर नत्थूजींची रुख्मिणी. तिच्या घरातून मॅट्रिकला बसणारी पहिलीच. फ्रान्सची राज्यक्रांती शिकवून राहिले होते, तर तिनं विचारलं, बायका भाकरीसाठी मोर्चा घेऊन राजाकडे गेल्या तेव्हा त्यांची लेकरं कोणाजवळ होती. पुस्तकात हे नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? पत्राला उशीर झाला तरी मायेत कमी करू नये.

तुमची,
शामला

नागपूर, ता. २३ जुलै १९६९

चि. सौ. शामला हिस अ. उ. आ.

रुख्मिणीच्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नाही. तीस वर्षं इतिहास शिकवला, मला हे कधी सुचलंच नाही.

तू विचारशील, काहून एवढा अट्टाहास केला. आपली पोरं शाळेतून निघतात ती जगात अन्याय फक्त आपल्यावर झाला आणि शहाणपण फक्त आपल्या घरी उपजलं, असं समजून. दोन्ही खोटं आहे. समितीतले चंपतराव म्हणतात, पोरांना घरचंच धड येत नाही, बाहेरचं कशाला. तेही अगदी चूक नाहीत. निकाल पाहून पुन्हा विचार करायचा, एवढ्यावर मिटलं.

सीताबर्डीवर तीन दुकानं फिरलो. युरोपचा नकाशा मिळाला नाही. पाय दुखले म्हणून चौथ्यात गेलो नाही. तुझी वहिनी उठते-बसते, बाकी ठीक. घरी महादेवरावांना नमस्कार सांग, आणि स्वतःला जप.

तुझा भाऊ,
गोपाळ

खापा, ता. १७ जून १९७०

ती. गोपाळभाऊंस शामलाचा सा. न. वि. वि.

निकाल लागला. एकतीस मुलींपैकी एकोणीस इतिहासात गेल्या. रुख्मिणीही गेली, पाच मार्कांनी.

तिला बसवून विचारलं. फ्रान्सचा प्रश्न पहिलाच होता. तिला सगळं येत होतं, म्हणून तिनं सात पानं लिहिली. मान वर केली तेव्हा शेवटची घंटा व्हायला दहा मिनिटं होती. सत्तावन्नचा उठाव, स्वातंत्र्यलढा, सगळं कोरं राहिलं. तेही तिला येत होतं, भाऊ. मीच शिकवलं होतं.

नत्थूजी घरी आले होते. आवाज चढवला नाही. ओट्यावर बसून म्हणाले, बाई, त्या परदेशच्या राजाले कोणी मारलं अन् नापास झाली माही पोर. सावनेरचं स्थळ आलं आहे, ते म्हणे ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत थांबवतो, पुढं नाही. आमचे हे नत्थूजींना म्हणाले, चहा घ्या. ते न घेताच गेले.

समितीत तुम्ही चहा घेता तेव्हा हे कोणी सांगत असेल असं वाटत नाही. रागावू नये, तुमच्याशिवाय बोलू कोणाशी?

तुमची,
शामला

नागपूर, ता. १२ जुलै १९७०

चि. सौ. शामला हिस अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घेऊनच बैठकीला गेलो होतो. चंपतरावांनी जिल्ह्याचे आकडे वाचले. कोणी वाद घातला नाही. पुढच्या वर्षापासून जगाचा इतिहास दोन पानं, परीक्षेत नाही. अध्यक्षांनी कागद माझ्याकडे सरकवला. वाटलं होतं बोलेन. नत्थूजी ओट्यावर बसलेले दिसले आणि सही केली.

तीन वर्षांचं भांडण पाव तासात संपलं. घरी येऊन जेवलो नाही, वहिनी विचारत होती. तुझंच बरोबर होतं असं समजतो. रुख्मिणीला माझा आशीर्वाद सांग. सांगायला तोंड नाही, तरी सांग.

तुझा भाऊ,
गोपाळ

खापा, ता. २० डिसेंबर १९७०

ती. गोपाळभाऊंस शामलाचा सा. न. वि. वि.

रुख्मिणी पास झाली. रोज संध्याकाळी टेबलावर घड्याळ ठेवून मी तिच्याकडून उत्तरं लिहून घेतली. एका प्रश्नाला पंचवीस मिनिटं, मग वाक्य अर्धं असलं तरी पुढचा प्रश्न. पहिले आठ दिवस रडायची. इतिहासात बावन्न मिळाले. लग्न माघात ठरलंच आहे, ते काही टळलं नाही. सासरचे पुढं शिकू देऊ म्हणतात. बघू.

आता तुमच्या सहीबद्दल. हे लिहायला पाच महिने लागले, कारण आधी मलाही वाटलं की सुटले. पण भाऊ, मला नकाशा हवा होता, तास वाढवून हवे होते. धडा काढा असं मी कोणत्या पत्रात लिहिलं, ते दाखवा. माझ्या थकव्याचा तुम्ही भलताच अर्थ लावला. मीही नीट सांगितलं नाही.

काल रुख्मिणी पेढे घेऊन आली. जायला उठली, आणि दारातच थांबून म्हणाली, बाई, राजाले मारल्यावर त्या लोकांचं पुढं काय झालं, ते पुस्तकात दोन ओळीतच होतं. आता परीक्षा नाही, तर सांगता का. मी पोळ्यांचं पीठ झाकून ठेवलं आणि तिला बसवून घेतलं. हे कचेरीतून आले तेव्हा आम्ही अजून तिथंच होतो. दिवाही लावायचा राहिला होता.

पुढच्या बैठकीला जा. पाय दुखत असले तरी जा. आणि या बहिणीवर लोभ धरता, तसाच तिचा राग येऊ दिलात तरी चालेल.

तुमची,
शामला