कोपऱ्यावर न वळणारी सायकल

योग्याकार्ता
२४ ऑगस्ट, रविवार

प्रिय मास वर्सोनो,

सलाम. तू, वहिनी आणि मुलं सुखरूप असाल. वहिनींनी पाठवलेले माशाचे कुरकुरे पोचले. बापाकांनी अर्धा डबा त्याच दिवशी संपवला आणि उरलेला माझ्यापासून लपवून ठेवला. त्यांची भूक चांगली आहे. रक्तदाब आवाक्यात आहे. गोळ्या मी समोर बसून देते. हल्ली ते डाव्या हातात चमचा धरून जेवतात; त्याबद्दल पुढे लिहीन.

तुझ्याकडे बालिकपापानला येण्याबद्दल मी त्यांच्याशी बोलले का, हे तू फोनवर विचारतोस आणि मी आवाज नीट येत नाही म्हणते. आवाज नीट येतो, मास. पण फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू निर्णय घेऊन मोकळा होतोस. पत्र तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल. म्हणून पत्र.

ईदेला आपलं ठरलं ते मी विसरलेले नाही. बापाक आणखी एकदा पडले तर त्यांना तुझ्याकडे न्यायचं. तू त्यांच्यासाठी खालची खोली रिकामी केलीस, न्हाणीत धरायला दांडे बसवलेस, दवाखाना समोर आहे. यात मला एकही खोट काढता येत नाही. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकून तुला वाटेल, आपल्या बहिणीला, निंगला, हे सगळं कळलंच नाही.

आता सायकलीची गोष्ट.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बापाकांची उंच सायकल भिंतीवर टांगली होती, ती तू पाहिलीस. तू गेल्यावर ते रोज ती खाली घ्यायला लावायचे, अंगणात भिंतीला टेकवायचे आणि उजवा पाय दांड्यावरून न्यायचा प्रयत्न करायचे. पाय अर्ध्यावर थांबायचा. मग ते मला म्हणायचे, "पूस आणि टांग." जणू ती पुसण्यासाठीच उतरवली होती. जन्मभर साखर कारखान्यात सायकलने गेलेला माणूस. मी फडकं फिरवायचे आणि त्यांच्याकडे बघायचे नाही.

गेम्बुल आठवतो? गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान असलेला, पोट पुढे, केस पाठीवर. तो आणि त्याचे मित्र भंगारातल्या सायकली कापून, जोडून लांबलचक 'चॉपर' सायकली बनवतात आणि शनिवारी संध्याकाळी चहा भरलेली प्लास्टिकची पिशवी हातात घेऊन फिरतात. चाळिशीची माणसं, आणि असं वागतात, असं मी तुला एकदा म्हणालेही होते. एका सकाळी तो दाराशी थांबला असताना बापाकांनी न विचारता त्याच्या चॉपरवर बैठक मारली. चॉपरची बैठक खुर्चीपेक्षा खाली. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली. ते तसेच बसून राहिले, आपल्याच पावलांकडे बघत.

"पाक, उतरा आता, मला दुकान उघडायचंय," गेम्बुल म्हणाला.

"तू जा की. मी कुठे तुला धरून ठेवलंय?"

त्याच दुपारी त्यांनी बैठकीच्या खोलीतलं सामान मला भिंतीकडे सरकवायला लावलं आणि खुर्चीत बसून, काठीच्या टोकाला खडू बांधून, जमिनीवर पूर्ण आकाराची सायकल काढली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी. मागचं चाक कपाटाशी, पुढचं दारात. त्या दिवसापासून आम्ही भिंतीकडेने चालायला लागलो आणि मी त्या खोलीत ओलं फडकं नेलं नाही.

गेम्बुलच्या मंडळींनी ती बांधायला घेतली. त्यांचा नियम असा की चेन आणि ब्रेकच्या तारा सोडून काही नवं घ्यायचं नाही. एक बायकांची जुनी फ्रेम भंगार बाजारातून आली, तिला आडवा दांडा नाही म्हणून. मागचं रुंद चाक मोटारसायकलचं. हँडल शाळेतून टाकून दिलेल्या खुर्च्यांच्या पायांचं. पुढचं चाक धरणारा लांब चिमटा दोन सायकलींच्या चिमट्यांतून केला, एकाची नळी दुसऱ्यात सारून. आणि मधली फ्रेम तुझी, मास. न्हाणीमागे पडलेली तुझी लाल सायकल. बापाक म्हणाले, "त्याला विचार." मी म्हणाले, "विचारलं, हो म्हणाला." मी विचारलं नव्हतं. गेम्बुलने करवत लावली तेव्हा ती मी दोन्ही हातांनी धरली होती. कापताना ती इतकी थरथरली की कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

वेल्डिंगचं यंत्र सुरू केलं की आपल्या घरची वीज जायची. मग शेजारच्या तुमिनाह मावशींच्या आणि पलीकडच्या घरातून तारा ओढल्या, आणि ठरलं की ठिणग्या उडत असताना कुणी भात शिजायला लावायचा नाही.

"माझ्या पोटावर उठलाय हा म्हातारा," मावशी भिंतीवरून ओरडायच्या. "पाक, झालं का? माझी नातवंडं उपाशी आहेत!"

"त्यांना सांग, सायकल खा!"

पण वेल्डिंगच्या वेळी भात कुणीच लावला नाही. मी हे पाहत होते आणि मला कळत नव्हतं की मला यात इतकं आश्चर्य का वाटतंय. मी याच गल्लीत वाढले ना?

स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीसाठी ती तयार झाली. काळी, चकचकीत, पुढे झेपावलेली. आईचा केकचा साचा दिव्याभोवती बसवला होता. सकाळी बापाकांनी बाटिकचा शर्ट घातला, आम्ही सायकल अंगणातून गल्लीत काढली, तुमिनाह मावशींच्या कोपऱ्याशी आलो, आणि ती वळेना.

पुढे घेतली, मागे घेतली, तिरकी केली. पुढचं चाक भिंतीला, मागचं आपल्या पायरीला. मागच्या चाकावर उभी करून पाहिली तर वर पत्रे. इतका मोठा घोळ फक्त आपल्याच लोकांना जमावा, मास. तुकडे एकेक करून आत आले होते. सगळ्यांनी खोलीतला खडू पाहिला होता, खोलीत मावते म्हणून खूश झाले होते. रोज ज्या कोपऱ्यावरून खांदा घासत जातो, तो कोपरा एकाच्याही डोक्यात आला नाही.

"पाक, ही सायकल नाही, आगगाडी झालीय," गेम्बुल म्हणाला. "चिमटा वीतभर कापतो. तासाभराचं काम."

"तू आपले केस काप," बापाक म्हणाले.

मग तुमिनाह मावशीच बाहेर आल्या, हात पदराला पुसत. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं. त्यांच्या न्हाणीची भिंत छातीएवढीच आहे, तुला ठाऊक आहे. "उचला की," त्या म्हणाल्या. "वरून घ्या. आधी घेतलंय ना इथून."

दोन्ही बाजूंच्या दारांतून माणसं आली. सायकल डोक्यावर गेली. पुढचा चिमटा भिंतीवरून, मावशींच्या धुतलेल्या भांड्यांवरून सावकाश फिरला, चाक हवेत आपोआप गरगरत होतं, आणि सगळे एका आवाजात "हळू, हळू, डावीकडे" म्हणत होते. तोच आवाज. तेच "डावीकडे". आईचा जनाजा याच कोपऱ्यावर असाच उचलला होता, तू पुढे होतास, मी मागे दारात होते. मला वाटलं, बापाकांनाही तेच दिसत असणार, त्यांना धरायला हवं. मी वळले तर ते काठीवर रेलून डोळे मिचकावून बघत होते.

"तुझ्या आईने इथे इतका त्रास दिला नव्हता," ते म्हणाले.

आणि सगळी गल्ली हसली. सायकल हातांवर असताना हसली. ती पडली कशी नाही, कोण जाणे.

पुढे काय झालं ते मला नीट लिहिता येत नाही. रोजनिशीत मी "आनंद झाला" लिहिलं आणि खोडलं, कारण तो शब्द तिथे केविलवाणा दिसत होता. पायडलवरून उजवा पाय निसटू नये म्हणून तो ट्यूबच्या पट्टीने बांधला होता. त्यांनी डाव्या पायाने रेटा दिला. सायकल डगमगली, मग लांब चिमट्याने रस्ता धरला आणि ती सरळ गेली, नावेसारखी. बापाक मागे रेलून, हात उंच हँडलवर, मिरवणुकीच्या मधोमध. शाळेचा बँड त्यांच्यामागे. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचा हा पाठमोरा आकार मी लहानपणी रोज पाहायचे, कारखान्यात जाताना. तो परत दिसेल असं मला वाटलं नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि मला माझेच हात कुठे ठेवावेत कळेना.

सोमवार, दुपार

काल इथेच थांबले. इथेच थांबून पत्र टाकावं असंही मनात आलं. पण मग चमच्याचं काय सांगणार?

ते पडले, मास. बुधवारी. मिरवणुकीपासून मंडळी रोज सकाळी सायकल कोपऱ्यावरून उचलून द्यायची आणि बापाक चक्कर मारून यायचे. पुलाच्या टोकाशी साटेच्या काड्या भाजणाऱ्याची हातगाडी आडवी आली, त्यांनी वेग कमी केला, आणि हळू चालताना या लांब चिमट्याचं चाक एका बाजूला कोसळतं. डावा पाय टेकला असता तर वाचले असते. पण ती उजवीकडे गेली आणि उजवा पाय बांधलेला होता. त्या सकाळी पट्टी मी बांधली होती. रोज गेम्बुल बांधायचा, सैल. मला वाटलं पाय निसटेल, म्हणून मी आवळली.

उजव्या मनगटाला चीर आहे. प्लास्टर घातलंय. डोक्याला काही नाही, डॉक्टरांनी फोटो काढून पाहिलं. दवाखान्याच्या बाकावर मी फोन काढला आणि तुझं नाव समोर आणलं.

"वर्सोनोला?" बापाकांनी विचारलं.

मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"त्याच्या घरासमोरचा रस्ता रुंद आहे म्हणे."

"खूप रुंद आहे, बापाक. दोन ट्रक जातात."

त्यांनी डाव्या हाताने प्लास्टर वाजवून पाहिलं. "मग तिथे उचलायला कोण येणार?"

रागाने नाही म्हणाले. खरंच विचारत होते. मी त्यांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं, पण त्यांना सगळं माहीत होतं, कदाचित ईदेपासूनच. मी फोन पिशवीत ठेवला. तो भ्याडपणाने ठेवला की कशाने, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. जे डोळ्यांनी पाहून मी थक्क झाले त्याच्या जोरावर म्हाताऱ्या माणसाची हाडं पणाला लावायची का? तुझ्या खोलीत ते पडणार नाहीत, हे खरं आहे. इथे पुन्हा पडू शकतील, हेही.

दुसऱ्या सकाळी रोजच्या वेळी दार वाजलं. मंडळी सायकल न्यायला आली होती.

"अहो, पाकांचा हात मोडलाय," मी म्हणाले. "आणि न्यायचीच असेल तर मग गल्लीच्या तोंडाशी, पहाऱ्याच्या चौकीपाशीच ठेवा ना तिला, रोज उचलायचा त्रास तरी वाचेल."

तुमिनाह मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातली चूल विझवायला सांगितली होती. "मग आम्ही सकाळी काय करायचं?"

त्यांनी ती नेली. बापाक मागून चालत गेले, गळ्यात हात अडकवलेला. गल्लीच्या तोंडाशी सायकल उभी केली आणि ते तिच्यावर बसले, दोन्ही पाय जमिनीवर. मी ओरडले. "बसायला बंदी आहे का?" ते म्हणाले. दुपारपर्यंत तिथेच होते, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत, डाव्या हाताने चहा पीत, त्याबद्दल प्रत्येकाची माफी मागत.

गेम्बुलने पट्टी कापून टाकली आहे. त्याजागी बापाकांनी जुन्या सपातेचं पुढचं तोंड पायडलवर ठोकून घेतलं. पाय आत जातो आणि हवा तेव्हा निघतो. प्लास्टर निघाल्यावर ते चालवणार आहेत, हे तुला मी आत्ताच सांगते, म्हणजे तू म्हणू नयेस की लपवलं.

आपलं ठरलेलं मी मोडते आहे. पण एकटीने मोडायचा हक्क मला नाही. त्यामुळे तू ये. त्यांना न्यायला आलास तरी ये, मी त्यांचे कपडे भरून देईन, शब्द आहे. पण आधी एक सकाळ कोपऱ्यावर उभा राहा. भिंतीकडच्या बाजूला उंच माणूस नाही, चिमटा तिथेच खाली झुकतो आणि मावशींची भांडी वाजतात. ती जागा तुझ्या उंचीची आहे. हातावर वजन आलं की मग सांग काय करायचं. तू सांगशील ते मी ऐकेन.

खोलीतला खडू अजून आहे. तुझ्या लाल फ्रेमच्या जागी त्यांनी आत तुझं नाव लिहिलंय. मला वाटतं, मी विचारलं नव्हतं हेही त्यांना माहीत होतं.

तूर्त तिकीट एकच काढ, तुझं.

पट्टी आवळणारी तुझी बहीण,
निंग