वरची जागा

ताडकळस,
फाल्गुन वद्य पंचमी, सोमवार, शके १८७९

चि. सौ. सुमंगला हिला आजीचे अनेक आशीर्वाद. चि. मार्तंडाच्या दोन्ही गालांचे मुके. नातजावयांना आशीर्वाद. इकडं आमी सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

काल सकाळी पहिल्यांदा कोण उगवलं असंल, सांग बरं? कमलवन्सं! तुझ्या आजोबांची बहीण गंगाखेडाहून निघाली, ती माझा सडा वाळायच्या आत दारात. पाय धुतले नाहीत, पाणी मागितलं नाही. "वैनी, हे काय ऐकायलेय मी?" त्यांच्या मागं शेजारची कोकिळा, पदरानं तोंड झाकून. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि तिच्या मागं बन्सीधरबुवा, पंचांग काखेत धरून. माझ्याच घरात माझा निवाडा करायला आले आणि चहा तीनदा प्याले.

थांब, मी घाई करायलेय. एरवी माझी पत्रं शाळेतले मास्तर लिहून देतात. हे मी माझ्या हातानं लिहायलेय, कारण ह्यातलं मास्तरांना सांगण्यासारखं नाही. पोथी वाचता वाचता आलेली अक्षरं माझी, जोडाक्षर आलं की घाम फुटतो. चुकलं तर समजून घे. कोपऱ्यात लाल डाग पडलाय तो रंगपंचमीचा. पोरं आत्ताच अंगणातून गेली.

आधी गोडाचं लिहिते. सुमे, दिल्लीत तुझ्या लेकरानं माझं बोट धरलं ते अजून सुटलं नाही बघ. ताक घुसळताना मधीच हात थांबतो. नाक आजोबांवर गेलं नाही, ही खंडोबाची कृपा.

आणि ती फळी! ज्यानं कुणी झोपायचा डबा काढला त्याच्या घरी कायम पाळणा हलो. मी आपली आयुष्यभर ट्रंकेवर बसून नाहीतर कुणाच्या तरी पायाशी मुटकुळं करून गाडीत गेलेली बाई. तुझ्याकडं येताना मनमाडला दिल्लीच्या मोठ्या गाडीत चढलो तर भिंतीला साखळ्यांनी टांगलेली फळी, माणसाएवढी लांब, आणि ती म्हणे माझी. पदर खोचला आणि चढले. लुगड्याला कासोटा कशासाठी असतो ते मला साठाव्या वर्षी कळलं.

तू वैशाखात बाळाला घेऊन येशील तेव्हा आजीचं ऐक. वाकळ दुहेरी अंथर, म्हणजे फळी हाडाला लागत नाही. साखळी लय वाजते, तिला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळ, मुकी होते. तांब्याला दोरी बांधून साखळीलाच टांग, अंधारात चाचपडावं लागत नाही. खाली निजलीस तर डोकं खिडकीकडं करू नको, कोळशाची कणी डोळ्यात जाते. बाळ हाय म्हणून तू खालचीच घे. पण नातजावयांना बाळापाशी बसव आणि घटकाभर वर जाऊन पड. काय असतं ते मला लिहिता येत नाही.

येतं तेवढं लिहिते. पन्नास वर्षं मी उंबऱ्याशी निजले. कुणाला पाणी पाहिजे, कुणाचं लेकरू रडलं, गाय सुटली, की आधी माझ्या अंगावर पाय पडणार आणि मग 'अगं ऊठ'. त्या फळीवर माझ्यापर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता. मी निजले ती उजाडेपर्यंत. चहावाला ओरडला तेव्हा कुशीवर वळले आणि परत निजले! चहा कुणाला पाहिजे ते माझ्याकडं नव्हतं.

हेच मी आल्या आल्या विहिरीवर कोकिळेला सांगितलं. गेल्या बाजाराला ते गंगाखेडला पोचलं. आता वन्संचं म्हणणं ऐक. "नवऱ्याच्या डोक्यावर पाय करून निजलीस? दिल्लीपर्यंत?" जशी काही मी चारशे कोस त्यांच्या टकलावर उभी होते. बुवांनी पंचांग उघडलं. दोष लागला म्हणे. येत्या बुधवारी पाच सवाष्णींदेखत मी नवऱ्याचे पाय धुवायचे, ते तीर्थ घ्यायचं आणि चुकले म्हणायचं. नाहीतर चैत्रात कुणाच्या गौरीपुढं मला हळदीकुंकू नाही.

मी म्हटलं, "बुवा, आपला गडी लिंबाजी उन्हाळाभर ह्या घरावरच्या माळवदावर निजतो. हे खाली निजतात. त्याचे पाय कुणाच्या डोक्यावर असतात?"

बुवा म्हणाले, "तो पुरुष आहे."

"मग दोष पायाला नाही, लुगड्याला हाय म्हणा की!"

कोकिळा फसकन हसली. वन्संनी तिच्याकडं असं पाहिलं की हसू जागीच विरलं.

ह्या सगळ्यात तुझे आजोबा कुठं होते? लोडाला टेकून, बशीतला चहा फुंकत. वन्संनी विचारलं, "दादा, तू हिला वर जाऊच कसं दिलंस?" तर खाली बघून म्हणाले, "हट्टच धरला तिनं. म्हटलं जाऊ द्या, बाईमाणूस."

सुमे, माझ्या हातात चहाचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं, एवढंच सांगते.

हट्ट कुणी धरला होता? तुझं पत्र आलं, की जागा राखून ठेवल्यात, एक वरची, एक खालची. ते ह्यांनी मोठ्यानं वाचलं आणि मिशीवर हात फिरवला. तहसिलीतली पेशकारी आणि निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं होत आली, पण माणसातला पेशकार गेला नाही. वरची म्हणजे मानाची! पंगतीत वरचं पान, बैठकीत वरची जागा, तसंच गाडीत. "वरची माझी," म्हणाले. चावडीवर जाऊन सांगितलं, पारावर सांगितलं, वाण्याच्या दुकानातसुद्धा सांगितलं, "दिल्लीच्या गाडीत आम्हाला वरची जागा दिलीय." आता खाली निजलो असं गावात कोणत्या तोंडानं सांगणार?

पुढचं लिहू नये असं ठरवलं होतं. दिल्लीत तुलाही बोलले नव्हते. पण राग पोटात ठेवला की माझं अन्न पचत नाही.

मनमाडला फळी बघितली आणि ह्यांचा चेहरा उतरला. पण मागं कसं सरायचं? पागोटं माझ्या हातात दिलं आणि चढायला लागले. एक पाय खालच्या फळीवर, एक अधांतरी, धोतर साखळीत अडकलेलं. डब्यातली माणसं हसायला लागली. एक फौजी सरदारजी होता, भला माणूस, त्यानं कमरेला धरून उचललं आणि लेकरासारखं वर ठेवलं. तेवढ्यात गाडी हलली. फळी झुलली. ह्यांनी दोन्ही हातांनी साखळी आवळली, डोळे मिटले, आणि ओरडले,

"अनसूये!"

सुमे, पन्नास वर्षांत ह्या माणसानं मला नावानं हाक मारली नव्हती. अगं, ऐकलंस का, कुठं मेलीस, एवढंच. मला वाटायचं, माझं नाव त्यांना आठवतसुद्धा नसंल. आणि भर डब्यात, पन्नास माणसांदेखत, "अनसूये, मला खाली घे."

सरदारजीनं खाली उतरवलं. मी पाणी पाजलं, वाकळ पांघरली, पागोटं उशाशी ठेवलं आणि म्हटलं, "तुमी खालीच निजा, मला वरचं बघायचंय." म्हणजे हट्ट मीच धरला, खरं आहे त्यांचं. लोक हसत होते, म्हणून धरला. आणि त्या हट्टापायी आता मला तीर्थ प्यायला लावायलेत! कुणाला हाक मारून खाली उतरले ते बशीत बघत विसरले.

कुणाला सांगू नकोस. नातजावयांनाही नको. त्यांची लाज मी आजवर झाकत आले, हीसुद्धा झाकीन. पण पाय धुणार नाही.

काल मी वाकळ माळवदावर नेली. लिंबाजीला गोठ्यात पाठवलं. त्याला लय आनंद झाला, वर डास चावतात म्हणे. पापड-कुरडयांचे दिवस आहेत, वर वाळवण राखायला कुणीतरी लागतंच. दोन वेळच्या भाकरी फडक्यात बांधून ठेवीन. तांब्याला दोरी बांधलीच आहे.

आज सकाळी तुझे आजोबा शिडीपाशी येऊन उभे राहिले. खाकरले. म्हणाले, "अगं, बुधवारी काय सांगणार आहेस?"

मी वरूनच म्हटलं, "सांगायचं तुमच्याकडं हाय. मी शिडी वर ओढून घेणार आहे. सगळ्यांदेखत मला मनमाडला मारली तशी हाक मारा, तेवढ्यावर शिडी सोडते. दुसरं काही बोलू नका. 'अगं' म्हणालात तर कुरडया वाळेस्तोवर मी इथंच."

परत एकदा खाकरले आणि ओसरीत गेले. आत्ता हे लिहायलेय तर खालून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू यायलंय. जप असंल. नाहीतर हाकेची सवय करत असतील.

बाळाची दृष्ट काढ.

वन्सं आणि बुवा पाच सवाष्णी घेऊन बुधवारी सकाळी येतो म्हणून गेलेत. येऊ देत.

तुझी आजी,
अनसूया