तोर्लैफचा रिसेप्टर आणि माझी निळी होडी

मी, गुन्वोर हाउगलान, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त पेशीशास्त्रज्ञ, राहणार ऑस्लो, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचंही दडपण नाही; माझ्यावर दडपण आणू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मंगळवारी मी रुग्णालयात दाखल होते आहे. तिथून परत येण्याची आशा आहे, खात्री नाही, म्हणून ही लिखापढी. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम एक. माझं राहतं घर विकावं. येणारी रक्कम आणि बँकेतली शिल्लक, उत्तरेकडून उपचारांसाठी इथे येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या निवासासाठी द्यावी. मुलाच्या उशाशी खुर्चीत अवघडून झोपलेल्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

कलम दोन. माझा सूक्ष्मदर्शक माझ्या गावच्या शाळेला द्यावा. कपाटात कुलूपबंद ठेवणार असतील तर देऊ नये.

कलम तीन. माझा सहकारी सिग्ब्योर्न याला माझा कॉफीचा थर्मास द्यावा. यामागचं कारण नोंदवणं मला आवश्यक वाटतं. शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतो. तिची बोटंच म्हणा. इतर पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर तबकात मांडून ठेवतात. ही बोटं ते चाचपतात आणि बिघडलेला तुकडा हाती लागला की ती पेशी मारली जाते. रिसेप्टर दोन साखळ्यांचा असतो आणि त्या दोन्ही एकाच पेशीतल्या असाव्या लागतात. सिग्ब्योर्नने एका पेशीची साखळी दुसऱ्या पेशीच्या साखळीला जोडली, आख्खा हिवाळा त्या जोडीला काहीच ओळखता आलं नाही, आणि भरल्या बैठकीत हे महाशय म्हणाले, "गुन्वोर, तुझ्या पेशी उपाशी दिसतायत गं!" माझ्या पेशी! ज्यांना खाऊ घालायला मी ईस्टरच्या सुट्टीत डोंगरावरचं घर सोडून यायचे! थर्मासमधली कॉफी तो नेहमी न विचारता प्यायचा. आता हक्काने पिऊ दे. माणूस वाईट नाही.

कलम चार. माझ्या आतड्यात कर्करोग झाला आणि यकृतात पसरला. माझ्याच टी-पेशींना तो दिसला नाही. जन्मभर ज्यांची सेवा केली त्यांनीच ऐन वेळी डोळेझाक केली, याचं मला वाईट वाटलं. मग ज्याचं तबक माझ्यासारखंच आहे अशा निरोगी माणसाच्या रक्तात योग्य रिसेप्टर शोधायचं ठरलं. सख्ख्या भावंडांत असं जुळण्याची शक्यता चारात एक असते. मला भाऊ एकच, तोर्लैफ, उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवरचा निवृत्त मच्छीमार. आमचं बोलणं बंद होतं. शेजारीण बोर्गहिल्दने मला न सांगता त्याला फोन केला.

तो बोटीने, मग रेल्वेने आला, रक्त देऊन गेला. घरी आला नाही. त्याच्या रक्तात माझी गाठ ओळखणारी टी-पेशी सापडली. तिच्या रिसेप्टरचं जनुक माझ्या पेशींत घालून त्या वाढवल्या आहेत आणि पुढच्या आठवड्यात त्या मला परत चढवतील. बोटं त्याची, हात माझा. मी आभार मानायला फोन केला आणि तिकडे हवा कशी आहे एवढंच विचारून ठेवला. माझं त्याच्यावर प्रेम आहे, हे इथे कायदेशीर कागदावर लिहिते. उरलेल्या पेशी संशोधनासाठी वापराव्यात.

कलम पाच. वडिलांची लाकडी होडी तोर्लैफला द्यावी. आई गेल्यावर ती मी ऑस्लोला आणली आणि निळी रंगवली. वडील तिला पाइनचं डांबर लावायचे. तोर्लैफच्या मते मी लाकडाचा श्वास कोंडला. भांडण ते हेच. निळा रंग मला आजही आवडतो, पण होडी त्याची आहे.

सहीपूर्वीची नोंद. दुसरे साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे गृहस्थ यायचे होते, त्यांना सर्दी झाली. माझ्या आजारात सर्दीवाल्याला घरात घेता येत नाही. बोर्गहिल्द येऊन बसली होती, तेवढ्यात बेल वाजली. दार तिनेच उघडलं. दारात तोर्लैफ, हातात वाळवलेल्या माशांची पिशवी.

"रुग्णालयात एकटी जाणार होतीस?" त्याने विचारलं.

"टॅक्सी सांगितलीय."

"टॅक्सीवाला तुझा भाऊ लागतो का?"

त्याने चष्मा लावून हा कागद पहिल्यापासून वाचला. कलम चारपाशी नाक पुसलं. कलम पाच वाचून पेन उचललं.

"अरे, थांब!" मी म्हटलं. "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस की होडी गेली."

"बोर्गहिल्दने मघाशी दारातच सांगितलं मला."

"मग?"

"मग काय? तू मेल्यावर मिळणारी होडी मला नकोय. जूनमध्ये तू स्वतः घेऊन ये. मी रंग खरवडतो, तू डांबर लाव."

"निळा राहू दे."

"आतून राहू दे," तो म्हणाला.

बोर्गहिल्द रडत होती, म्हणून तिला आधी पाणी दिलं. सबब, कलम पाच निष्फळ ठरलं आहे. होडीची व्यवस्था लावायची राहिली. त्यासाठी मला परत यावं लागेल, आणि मी येणार आहे.

उभय साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

गुन्वोर हाउगलान
ऑस्लो, १ मार्च २०२५

साक्षीदार:
१. बोर्गहिल्द त्वेइट, शेजारीण
२. तोर्लैफ हाउगलान, भाऊ